मेतकुटाला समुद्राचा वास

८ नोव्हेंबर

हाडांच्या डॉक्टरांनी आज माझ्या गुडघ्यांचे फोटो दिव्यावर लावले आणि मला ‘माताजी’ म्हणाले. सगळी हयात सरकारी नोकरीत गेली, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, माझ्या शेऱ्याशिवाय फाइल टेबलावरून हलत नसे. आणि माझ्या शर्वरीपेक्षाही लहान दिसणारा हा मुलगा मला माताजी म्हणतो. दोन्ही गुडघ्यांतली गादी संपली आहे, हाडावर हाड घासतंय, आधी उजवा बदलू, मग डावा. नर्सने मानेतल्या गाठीबद्दलही विचारलं. मी म्हटलं, ती वीस वर्षं तिथेच आहे, कुणाला त्रास देत नाही, तिला सोडा आणि गुडघ्यांचं बघा.

“सिंपल ऑपरेशन है, माताजी.”

ह्यांच्या वेळीही हाच शब्द होता. पित्ताशयातले खडे, साधं ऑपरेशन. हे स्वतःच्या पायांनी चालत आत गेले, जाताना म्हणाले, संध्याकाळी घरचा चहा आण, इथला पाणचट असतो. मी थर्मास घेऊन गेले तेव्हा मला बाकावर बसवून एक डॉक्टर हळू आवाजात बोलायला लागला. शर्वरी तेव्हा कोरियात होती, समुद्रातल्या शेवाळावर काही संशोधन करत होती. चौथ्या दिवशी पोचली. असो.

मी ऑपरेशनला नाही म्हटलं. शर्वरीने डॉक्टरांकडे असं पाहिलं की जणू मीच तिचं लेकरू. परतताना जवाहर चौकापाशी मला उतरवून ती कोलार रोडला आपल्या घरी गेली. दोन मजले मी कठडा धरून चढले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवावे लागतात.

१३ नोव्हेंबर

माझी मुलगी पेपरात आली आणि मला ते आमच्या मराठी मंडळातल्या मंगलाच्या फोनवरून कळलं. हिंदी पेपर, आतलं पान, शर्वरीचा पांढऱ्या कोटातला फोटो, वर मथळा: समुद्री शैवाल से जोड़ों के दर्द का इलाज. मंगला म्हणाली, तुझ्या घरात गंगा वाहतेय आणि तू लंगडतेस काय.

मी लगेच फोन केला. म्हटलं, तुझं ते औषध मला दे. तर म्हणे औषध नाहीच आहे, तपकिरी शेवाळातून काढलेला एक पदार्थ आहे, तो शुद्ध करायला आठवडे जातात. सांधे सुजलेल्या उंदरांना दिला तर सूज उतरते. माणसांवर जगात कुठेकुठे छोट्या चाचण्या झाल्यात, काहींना थोडा फरक पडला, काहींना साखरेच्या गोळीएवढाच. पेपरवाल्याने वाढवून लिहिलंय. मी म्हटलं, बरं, मग मी तुझी चाचणी. नियमात बसत नाही, म्हणाली.

नियम मला सांगते. नियम मी खाल्लेत आयुष्यभर. उंदरांच्या सांध्यांची एवढी काळजी, त्यांना म्हणे गरमी होऊ नये म्हणून खोलीत एसी. त्यांच्यासाठी बाई रविवारीसुद्धा लॅबमध्ये जाते आणि आईकडे यायचं तर ‘बघते गं’. असो.

२१ नोव्हेंबर

जवाहर चौकातल्या दुकानात मिळालं. ‘सागरकल्प’, तपकिरी समुद्री शेवाळाची पूड. मंगला चार इमलीला, मोठ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीत, मुलाच्या सरकारी बंगल्यात राहते, तिथल्या दोन-तीन साहेबांच्या आया घेतात म्हणे. तीही महिनाभर घेतेय. दुकानदाराने सांगितलं, आंटीजी, सीढ़ियाँ दौड़ के चढ़ोगी. मी विचारलं कुठून येतं, तर म्हणाला समंदर से, और कहाँ से.

मागे एकदा सांध्यांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या कोळंबीच्या सालांपासून करतात हे केमिस्टने सांगितलं आणि मी तिथेच काउंटरवर परत ठेवल्या. या पुडीवर हिरवा ठिपका आहे. वनस्पतीच ती, उपासालासुद्धा चालेल. घरी येऊन पाकीट फोडलं आणि खात्रीच पटली. शर्वरी लॅबमधून परस्पर आली की तिच्या ओढणीला जो वास येतो, ओल्या गोणपाटासारखा, खारट, अगदी तोच. म्हणजे माल अस्सल आहे. मुलीने दिलं नाही म्हणून काही अडत नाही माझं.

३० नोव्हेंबर

पाण्यातून घेतलं की दिवसभर करपट ढेकर येतात. आज युक्ती सुचली. मेतकूट करायचंच होतं. डाळी, तांदूळ, गहू खमंग भाजले, दळून आणले आणि त्यात ही पूड चांगली मूठमूठभर मिसळली. हिंग आणि मेथीपुढे शेवाळ काय टिकतंय. मऊ भात, तूप आणि मेतकूट, दोन्ही वेळेला. गोळी विसरेल माणूस, भात विसरणार नाही.

घाणा एकच असतो आपल्याकडे, त्यातलंच शर्वरीला. तिला लहानपणापासून ताप असो की परीक्षा, मेतकूटभात लागतो. भांडण आपल्या जागी, मेतकूट आपल्या जागी. शिवाय दिवसदिवस लॅबमध्ये त्या टेबलाशी उभी राहते, तिच्याही गुडघ्यांना बरंच. ह्यांचं नाव कोरलेला स्टीलचा डबा भरला. केदारराव ऑफिसातून जाताना घेऊन गेले. जावई चांगला आहे, पण मेतकूट खात नाही.

१६ डिसेंबर

गुण येतोय. अंगात असा उत्साह गेल्या कित्येक वर्षांत नव्हता. पहाटे आपोआप जाग येते. आज माळ्यावरचं सामान उतरवून माळा साफ केला, दुपारी सगळे पडदे धुतले. ब्लाउज सैल झालेत, वजन उतरलंय, म्हणजे गुडघ्यांवरचा भार कमी झाला. दुखतं अजून, पण दुखण्याकडे बघायला वेळ कुणाला आहे.

लोक मात्र अडाणी. दूधवाल्याला झापलं, दूध पातळ म्हणून. शेजारच्या नेहाने दार उघडून विचारलं, काकू काय झालं? मी म्हटलं, तुझं दार लाव. ती बिचारी शाल गुंडाळून उभी होती आणि माझा पंखा चालू होता, त्याचीच तिला चिंता. या पोरी पंचविशीत म्हाताऱ्या झाल्यात.

शर्वरीचा फोन आठवड्यातून एकदा, तोही दोन मिनिटं. ऑपरेशनचा काही विचार केलास का. मेतकूट कसं झालंय ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही.

२ जानेवारी

बँकेत आज तमाशा झाला. चेकवरची सही जुळत नाही म्हणे. काउंटरवरच्या पोरीने तीनदा करायला लावली. हात जरा थरथरतो हल्ली, थंडीचे दिवस आहेत. “मॅडम, किसी को साथ लाया कीजिए,” म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या हातांनी मी मंत्र्यांच्या टिपणांवर सह्या केल्यात. मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेले आणि बोलता बोलता छाती अशी धडधडायला लागली की मलाच खुर्ची मागावी लागली. राग कुणाचा आणि खुर्ची कुणाला.

घरी येऊन मेतकूटभात दोनदा खाल्ला. भूक मात्र छान लागते.

१९ जानेवारी

लिहिते. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही, तशीही येत नाहीच.

आज मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि त्यातच शर्वरीचं व्याख्यान. पत्रिकेत छापलं होतं, सर्व भगिनींना निमंत्रण. सर्व. दारात अलका ताट घेऊन उभी. तिची चिमूट माझ्या कपाळापर्यंत आली आणि हवेतच थांबली. मागे लायनीत बायका. “तुम्हाला चालेल ना, वहिनी?” एवढं हळू विचारलं की सगळ्यांना ऐकू गेलं. मी म्हटलं, राहू दे. पुढे जाऊन पहिल्या रांगेत बसले. घामाने पाठ भिजली होती आणि डोळ्यांसमोर तो हॉस्पिटलचा बाक.

शर्वरी छान बोलली. तसं मान्य करायला हवं. साध्या मराठीत, एकही कागद न बघता. तपकिरी शेवाळात काय असतं, सांध्याची सूज म्हणजे काय, उंदरांमध्ये काय दिसलं, माणसांमध्ये अजून काय ठाऊक नाही. मग म्हणाली, बाजारात शेवाळाच्या पुड्या विकतात त्या आमच्या कामाचं नाव सांगून विकतात, पण तो शुद्ध केलेला पदार्थ नव्हे, नुसतं दळलेलं शेवाळ असतं, कुणी घेऊ नका. टाळ्या. मंगला माझ्याकडे बघून जमिनीकडे बघायला लागली.

मी उभी राहिले. म्हटलं, ज्यांचे गुडघे गेलेत त्यांनी मग तुझ्या उंदरांकडे बघून समाधान मानायचं का. बायका हसल्या, त्यांना थट्टा वाटली. शर्वरीही हसली. ते हसू बघून माझं डोकं फिरलं.

“उंदरांना देतेस, आईला देत नाहीस. बाबा गेले तेव्हाही तू तुझं शेवाळच धूत बसली होतीस.”

 तिने माईक टेबलावर ठेवला, नीट, आवाज न करता. तिळगूळ तसेच ताटात राहिले. मी रिक्षा करून एकटी घरी आले.

बोलले ते बोलले. खोटं काय होतं त्यात?

२१ जानेवारी

कुणाचा फोन नाही. मंगलाचाही नाही. बरंच आहे.

२७ जानेवारी

केदारराव आले होते. दारातूनच, आई, ठीक आहात ना? स्वेटर नाही घातलात? मी म्हटलं, तुम्हाला बायकोने पाठवलं का? नाही म्हणाले, तिला माहीतही नाही. चहा घेतला, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मी विचारलं, डबा कुठे आहे, ह्यांच्या नावाचा? तर म्हणे ओट्यावरच आहे, शर्वरीने अजून उघडला नाही. दोन महिने! माझ्या हातचं विष आहे का ते?

त्यांच्यावर ओरडायला नको होतं. पण ओरडले.

३ फेब्रुवारी

आज सकाळी बेल वाजली. दारात शर्वरी, छातीशी तो डबा. केस विंचरलेले नव्हते. मी म्हटलं, परत द्यायला आलीस तर तिथेच ठेव.

ती आत आली. डब्याचं झाकण काढून माझ्या नाकापुढे धरलं.

“आई, या मेतकुटाला माझ्या लॅबचा वास येतोय.”

मग एकेक सांगत गेली. काल म्हणे लॅबमधून येऊन मऊ भात केला, डबा उघडला, पहिला घास घेतला आणि थांबली. आधी वाटलं हातच धुतले नाहीत. पुन्हा धुतले. पुन्हा घास घेतला. मग भात तसाच टाकून केदाररावांना विचारलं, आई कशी दिसते, आणि त्यांनी सांगितलं तेव्हा ती रात्रभर बसून राहिली. मग माझी चौकशी: काय मिसळलंस, कधीपासून, किती, पाकीट दाखव. मी सेक्शन ऑफिसर होते, चौकशा मी करत असे. तरी सांगितलं. तिने माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिली. मग माझे दोन्ही हात पुढे करायला लावून त्यावर कागद ठेवला. कागद फडफडत होता. पंखा बंद होता.

“कशाला हसतेस?” मी विचारलं. ती हसत नव्हती, रडू आवरत होती.

४ फेब्रुवारी

रक्त काढलं, गळ्याची तपासणी झाली. आज रिपोर्ट. डॉक्टरीणबाई निदान मला नलिनीजी म्हणाल्या. शेवाळात आयोडीन असतं, या दळलेल्या पुडीत तर अमाप. ज्यांची मान निरोगी त्यांना सहसा पचतं, पण माझ्या मानेतली ती जुनी गाठ झोपली होती, तिला मी दोन वेळा भातातून खायला घातलं आणि ती कामाला लागली. थायरॉइड भडकलंय. वजन, घाम, धडधड, थरथर, झोप उडणं, सगळं त्याचंच. गुडघ्यांना गुण म्हणत होते तो गुण नव्हताच. अजून महिनाभर गेला असता तर हृदयावर आलं असतं.

मंगलाला मात्र काही झालेलं नाही. चांगली जाड आहे तशीच आहे.

मग बाई गोड हसून म्हणाल्या, चिड़चिड़ापन भी इसी से था, अब दवा से मूड शांत हो जाएगा. शर्वरीने लांब श्वास सोडला. तिचा चेहरा असा मोकळा झाला की संक्रांतीनंतर तो पहिल्यांदाच बघत होते.

पूड बंद. एक गोळी धडधडीसाठी, एक गाठीसाठी. गुडघ्यांचं ऑपरेशन तूर्त कुणी करणारच नाही, आधी हे उतरायला हवं.

७ फेब्रुवारी

शर्वरी इथेच राहायला आली आहे. मेतकुटाची बरणी तिने सिंकमध्ये ओतली. फोनवर सगळ्यांना सांगतेय. मावशीला, मंडळाच्या अध्यक्षांना, अगदी अलकालासुद्धा: आईचं थायरॉइड वाढलं होतं हो, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका, ती बोलतच नव्हती, तो आजार बोलत होता. अलकाने उलट निरोप दिला की वहिनींना म्हणावं लवकर बऱ्या व्हा.

म्हणजे अलकाची चिमूट हवेत थांबली तेही माझ्या थायरॉइडने का? त्या डॉक्टरने माताजी म्हटलं ते? ह्यांना साधं म्हणून आत नेलं ते? माझ्या सगळ्या रागाला आता एक चिठ्ठी चिकटवून फाइल बंद करतायत.

आणि खरंच काहीतरी उतरतंय. काल दूधवाला उशिरा आला आणि मी काहीच बोलले नाही. दुपारी गाढ झोपले. नेहाने पोहे आणून दिले तर मी तिला बस म्हटलं. छाती शांत आहे. मला भीती वाटतेय ती याचीच. आणखी आठ दिवसांनी मी पूर्वीसारखी होईन, असो म्हणणारी. हे गेल्यापासून सहा वर्षं म्हटलंच आहे. राग पुरता उतरायच्या आत बोलायला हवं, नाहीतर शर्वरी समजेल की ते वाक्य शेवाळाचं होतं.

९ फेब्रुवारी

आज बोलले.

ती माझ्या पायांना शेक देत होती. आपणहूनच म्हणाली, आई, तू त्या दिवशीचं मनाला लावून घेऊ नकोस, मी विसरलेसुद्धा, ती तू नव्हतीसच.

“ती मीच होते.”

शेकाची पिशवी तिच्या हातात तशीच राहिली. मी म्हटलं, चारचौघांत बोलले ते चुकलं, आवाज चढला तो गाठीचा असेल. पण शब्द माझे होते. मी त्या बाकावर एकटी बसले होते. कागदावर सही करायला माणूस मागत होते, मी एकटी. शेजारचे दत्तात्रयभाऊ स्मशानात गेले, तुझ्या जागी. तू चौथ्या दिवशी आलीस आणि मी तुला जेवायला वाढलं. तेव्हापासून मला तुझा राग आहे आणि तो थायरॉइडच्या आधीपासून आहे.

मला वाटलं रडेल. उठली, स्वयंपाकघरात गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, एक, मग आणखी एक. पातेलं खाली पडलं ते उचललं नाही. मग दारात येऊन उभी राहिली, आणि मी तिला आयुष्यात असं बघितलं नव्हतं, नाकपुड्या फुललेल्या, मान ताठ.

“आणि मला राग नसेल? विमानं बदलत मी सतरा तास प्रवास केला, बाबा जिवंत आहेत असं समजून. तुम्ही कुणी मला खरं सांगितलं नाही. केदार सांगत होता तब्येत बरी नाही म्हणून. तेव्हापासून मला कुठल्याच औषधाचा भरवसा वाटत नाही, माझ्या स्वतःच्या तर नाहीच. आणि तू म्हणतेस, आईला दे. माझ्या हाताने दिलं असतं आणि तुला काही झालं असतं तर?”

ती आता खूप मोठ्याने बोलत होती. शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. नेहाच असणार. मी इथूनच ओरडून सांगितलं, काही नाही गं, आम्ही बोलतोय.

बऱ्याच वेळाने शर्वरी पुन्हा पायाशी येऊन बसली. पिशवी गार झाली होती. मी म्हटलं, गाठ शांत झाली की गुडघा करून घेईन. पण दाराबाहेर तू बसायचंस. केदाररावांना पाठवायचं नाही, लॅबमध्ये उंदीर मेले तरी उठायचं नाही, आणि कागदावर सही तू करायचीस.

“बसेन.”

मी म्हटलं, फोनसुद्धा घ्यायचा नाही.

“बसेन म्हटलं ना एकदा! किती वेळा सांगायचं?”

हुबेहूब माझा आवाज.  मग विचारलं, तूही ते मेतकूट खाल्लंस ना, तुझं थायरॉइड तपासून घेतलंस का?

परवाच तपासलं, म्हणाली. अगदी नॉर्मल आहे.